ही खबर कुणी दिली? : खरेदीदाराच्या माहितीचा व्यापार आणि कायदा

एका कारखान्याचा खरेदी अधिकारी नवा कॉम्प्रेसर घेण्याच्या विचारात आहे, असे समजा. अजून त्याने कोणाकडे चौकशी केलेली नाही, कोटेशन मागवलेले नाही. फक्त आठवडाभर तो इंटरनेटवर कॉम्प्रेसरविषयीचे लेख वाचतो आहे, किमती पाहतो आहे, दोन-तीन माहितीपत्रके उतरवून घेतो आहे. पुढच्या सोमवारी एका कॉम्प्रेसर कंपनीच्या विक्रेत्याचा त्याला फोन येतो. हा योगायोग असू शकेल. पण पुष्कळदा तो तसा नसतो. तो काय वाचतो आहे याची नोंद कुठेतरी झालेली असते आणि ती नोंद कोणीतरी विकलेली असते.

व्यापारात या मालाला ‘इंटेंट डेटा’ म्हणतात. आपण त्याला ‘खरेदीच्या इराद्याची माहिती’ म्हणू. ती गोळा करून विकणाऱ्या कंपन्या आज जगभर आहेत आणि गेल्या काही वर्षांत खासगीपणाच्या कायद्यांनी त्यांच्या धंद्याची उलथापालथ केली आहे. हे सारे संगणकाच्या युगातले नवे प्रकरण आहे असे वाटते. प्रत्यक्षात ‘कोण घेणार, कोण पैसे देणार’ ही खबर विकण्याचा धंदा सुमारे १८० वर्षे जुना आहे. ज्याच्याविषयी नोंद होते, त्या माणसाचे प्रश्नही तेव्हापासून तेच आहेत : माझ्याविषयी काय लिहिले आहे? ही खबर कुणी दिली? आणि ती पुसता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्याने एकेक करून, फार सावकाश दिली. त्याचीच ही हकीकत.

रेशीम व्यापाऱ्याच्या खातेवह्या

१८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. न्यूयॉर्कमध्ये आर्थर आणि लुईस टॅपन या बंधूंची रेशमाच्या घाऊक व्यापाराची पेढी होती. दूरदूरच्या गावांतील दुकानदारांना ती उधारीवर माल देत असे. मंदीत उधारी बुडाली आणि पेढीही बुडाली. लुईस टॅपन यांनी यातून एक धडा घेतला. न्यूयॉर्कमध्ये बसून ओहायोतल्या दुकानदाराची पत कशी कळणार? पूर्वी गाव लहान होते, माणूस माणसाला ओळखत होता. आता माल शेकडो मैल दूर जात होता, पण ओळख त्याच्याबरोबर जात नव्हती.

१८४१ साली टॅपन यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ ही संस्था काढली. गावोगावच्या वकिलांना त्यांनी बातमीदार नेमले. हे वकील आपल्या भागातील व्यापाऱ्यांची खबर कळवत : भांडवल किती, कर्ज किती, दारूचे व्यसन आहे का, बायकोच्या माहेरची स्थिती कशी आहे. मोबदल्यात बातमीदारांना पैसे मिळत नसत, तर त्या भागातील थकीत वसुलीची कामे मिळत. वकिली करणारे अब्राहम लिंकन हेही काही काळ अशा बातमीदारांपैकी एक होते. आलेली खबर न्यूयॉर्कच्या कार्यालयात मोठमोठ्या खातेवह्यांत उतरवली जाई. वर्गणीदार व्यापाऱ्याने तिथे जायचे, नाव सांगायचे आणि कारकुनाने नोंद वाचून दाखवायची, अशी पद्धत होती. नक्कल मिळत नसे. यातील अडीच हजारांहून अधिक वह्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांचा आजही उपयोग करतात.

टॅपन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेच्या खटल्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. माणसाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या याच गृहस्थाने हजारो माणसांच्या नकळत त्यांच्या चारित्र्याच्या वह्या भरवल्या. टॅपन यांना त्यात विसंगती वाटली नाही. प्रामाणिक माणसाला उधार मिळावे आणि लबाडाला मिळू नये, हे त्यांना समाजहिताचेच काम वाटत होते. काही वर्तमानपत्रांनी मात्र या धंद्याला सरळ हेरगिरी म्हटले.

लवकरच प्रकरण न्यायालयात गेले. ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या बिअर्डस्ले नावाच्या व्यापाऱ्यांविषयी वहीत नोंद झाली होती. घरगुती कलहामुळे त्यांची मालमत्ता अडचणीत येईल आणि दुकान बंद पडेल, असा तिचा आशय होता. त्यांना माल मिळणे अवघड झाले. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. सुनावणीत एक साधा प्रश्न विचारण्यात आला : ही खबर कुणी दिली? संस्थेचे भागीदार बेंजामिन डग्लस यांनी बातमीदाराचे नाव सांगण्यास नकार दिला. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल त्यांना वीस दिवस तुरुंगात काढावे लागले. नाव त्यांनी सांगितले नाही ते नाहीच. १८५१ साली ज्यूरीने बिअर्डस्ले यांच्या बाजूने दहा हजार डॉलरची भरपाई ठरवली. पुढे १८७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला.

डग्लस यांचा हट्ट समजून घेतला पाहिजे. बातमीदारांची नावे फुटली असती, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी खबर दिली नसती. म्हणजे या धंद्याचे खरे भांडवल वहीत नव्हते, बातमीदाराच्या गुप्ततेत होते. त्या काळच्या न्यायालयांनीही यातून मधला मार्ग काढला. ज्याचा खरोखर व्यवहाराशी संबंध आहे अशा एकाच वर्गणीदाराला विश्वासाने खबर दिली तर संरक्षण, पण तीच खबर छापून सर्व वर्गणीदारांना वाटली तर संरक्षण नाही, असा सर्वसाधारण कल अमेरिकेत दिसतो. माणसाला आपली नोंद पाहण्याचा हक्क मात्र कोणीच दिला नाही. मर्कंटाइल एजन्सी टिकली, वाढली. १९३३ साली ती ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्धी संस्थेत मिसळून ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ झाली. आज याच नावाची कंपनी पतीबरोबरच खरेदीच्या इराद्याची माहितीही विकते.

शेजाऱ्यांना विचारून

टॅपन यांच्या वह्या व्यापाऱ्यांविषयी होत्या. सामान्य गिऱ्हाईक त्यात आले ते नंतर. १८९९ साली अटलांटा शहरात वुलफोर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. किराणा दुकानदारांकडे फिरून कोणते गिऱ्हाईक वेळेवर पैसे देते, कोणते उशिरा देते आणि कोणाला रोखीनेच माल द्यावा याची यादी तयार करायची आणि ती दुकानदारांनाच विकायची, हा धंदा. आपल्या वाण्याच्या उधारीच्या वह्या गावभर एकत्र शिवल्या तर काय होईल, तसेच हे.

पुढे विमा कंपन्या या कंपनीच्या मोठ्या गिऱ्हाईक बनल्या. विमा उतरवणारा माणूस पितो किती, घरात भांडणे होतात का, त्याची चालचलणूक कशी आहे, हे कंपनीचे निरीक्षक शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू लागले. फायली कोट्यवधींच्या घरात गेल्या. १९६०च्या दशकात त्या संगणकावर चढवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा अमेरिकी संसदेत चौकशी सुरू झाली. नोकरी का नाकारली गेली, विमा का मिळाला नाही, हे ज्याला कळतच नव्हते, अशा माणसांची गाऱ्हाणी तिथे मांडली गेली.

ऑक्टोबर १९७०मध्ये अमेरिकेत ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग’ कायदा झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले. आपल्या फाइलीत काय आहे याचा आशय जाणून घेण्याचा, चूक असेल तर तक्रार करण्याचा हक्क माणसाला मिळाला. बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर अहवालातून गाळायच्या होत्या. ठरावीक कारणाशिवाय अहवाल कोणालाही द्यायचा नाही, असे बंधन आले. पण दुसरा प्रश्न अर्धाच सुटला. शेजाऱ्यांकडून काढलेल्या चौकशी अहवालात खबर देणाऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती कायद्याने केली नाही. डग्लस यांची गुप्तता सुमारे १२० वर्षांनंतरही शाबूत राहिली.

कायद्यामुळे कंपनी बंद पडली का? नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात तिने नाव बदलून ‘एक्विफॅक्स’ असे घेतले. ती आज पतमाहिती देणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

पत आणि इरादा यांमधली फट

१९७०च्या कायद्यात एक मोठी फट राहिली. कर्ज, विमा, नोकरी यांसाठी माहिती वापरली तर कायदा लागू. पण जाहिरातीसाठी याद्या विकल्या तर काय? माणसाची पत ही भूतकाळाची गोष्ट असते : त्याने पैसे कसे फेडले. इरादा ही भविष्याची गोष्ट असते : तो पुढे काय घेईल. पण दोन्हींची कच्ची सामग्री एकच असते. ज्याने नुकतेच घरासाठी कर्ज घेतले त्याला पडदे, फर्निचर आणि विमा लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पतमाहिती कंपन्यांनी अशा याद्या जाहिरातदारांना विकायला सुरुवात केली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या नियामक संस्थेने याला हरकत घेतली. एक्विफॅक्सने १९९१ साली अशा याद्या विकणे थांबवले. ‘ट्रान्स युनियन’ या दुसऱ्या कंपनीने मात्र लढा दिला. अखेर २००१ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियामकाचा आदेश उचलून धरला आणि पतनोंदींवरून काढलेल्या जाहिरात-याद्यांचा प्रश्न निकालात निघाला. खासगीपणाच्या नियमाने इराद्याचा व्यापार थेट बंद पाडल्याचे हे एक सुरुवातीचे उदाहरण.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. एप्रिल १९९०मध्ये ‘लोटस’ या संगणकप्रणाली कंपनीने एक्विफॅक्सच्या मदतीने ‘मार्केटप्लेस’ नावाची सीडी बाजारात आणण्याची घोषणा केली. तीत सुमारे १२ कोटी अमेरिकी माणसांची नावे, पत्ते, उत्पन्नाचा आणि खरेदीच्या सवयींचा अंदाज असणार होता. कोणत्याही लहान दुकानदाराने ती विकत घ्यावी आणि आपल्या टेबलावर वापरावी, अशी कल्पना. आपले नाव काढून टाका, असे सांगणारी सुमारे ३० हजार पत्रे कंपनीकडे आली. इथे एक तांत्रिक अडचण सर्वांच्या लक्षात आली : छापलेल्या सीडीतून नाव काढणार कसे? जानेवारी १९९१मध्ये बाजारात येण्यापूर्वीच ही योजना रद्द झाली. कोणताही नवा कायदा झाला नव्हता. ‘पुसता येईल का?’ हा तिसरा प्रश्न लोकांनीच एवढ्या जोराने विचारला, की उत्तर नसलेला माल विकता आला नाही.

बिल्ल्याची गोष्ट

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तंत्रज्ञाने ‘कुकी’ची युक्ती काढली. इंटरनेटवरच्या संगणकाला स्मरणशक्ती नसते. आपण एक पान पाहून दुसऱ्या पानावर गेलो, की आपण तेच आहोत हे त्याला कळत नाही. त्यामुळे दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर हरवायची. कुकी ही त्यावरची तोड. सायकल स्टँडवर सायकल लावली की एक बिल्ला सायकलीला आणि दुसरा आपल्या हाती मिळतो. त्यावर आपले नाव नसते, फक्त क्रमांक असतो. बिल्ला दाखवला की आपली सायकल आपल्याला मिळते. कुकीही इतकीच निरुपद्रवी.

पण गावातील सर्व सायकल स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले आणि सगळीकडे तुम्हाला तोच एक क्रमांक दिला, तर? नाव न विचारताही त्याला कळेल, की ४२१ क्रमांकाचा माणूस सकाळी दवाखान्यात, दुपारी सराफाकडे आणि संध्याकाळी मंगल कार्यालयात गेला होता. या घरी लग्न आहे, हे सांगायला आता नावाची गरज नाही. इंटरनेटवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्या अशा ठेकेदार बनल्या. हजारो संकेतस्थळांवर जाहिरातीची जागा त्यांच्याकडे असे, म्हणून हजारो ठिकाणी त्यांचा एकच बिल्ला चाले.

‘डबलक्लिक’ ही त्यांतील सर्वांत मोठी. १९९९ साली तिने ‘अबॅकस’ ही कंपनी विकत घेतली. टपालाने माल मागवणाऱ्या कोट्यवधी अमेरिकी कुटुंबांची नावे-पत्ते अबॅकसकडे होते. म्हणजे आता ४२१ क्रमांकाच्या पुढे नाव लिहिता येणार होते. मोठा गदारोळ झाला, चौकशी सुरू झाली आणि मार्च २०००मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी हा जोड देण्याचा बेत स्थगित केला. पुढे २००८ साली डबलक्लिक गूगलच्या ताब्यात गेली.

कारखान्यांच्या व कार्यालयांच्या खरेदीचा इराद्याही अशाच रीतीने मोजला जातो. व्यापारविषयक नियतकालिकांची अनेक संकेतस्थळे आपल्या वाचनाच्या नोंदी एकत्र करतात. इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून वाचक कोणत्या कंपनीतला हे काढले जाते. एखाद्या कंपनीतून कॉम्प्रेसरविषयी एरवी आठवड्याला पाच लेख वाचले जात असतील आणि या आठवड्यात साठ वाचले गेले, तर तिथे खरेदी शिजते आहे असा निष्कर्ष निघतो. ‘आम्ही माणसाची नव्हे, कंपनीची माहिती विकतो’, असा या व्यापाऱ्यांचा युक्तिवाद असतो. त्यात काही अंशी तथ्य आहे. पण लेख कंपनी वाचत नाही, माणूस वाचतो. नोंद होते ती त्याच्या वाचनाची.

युरोपची वेगळी वाट

अमेरिकेने एकेका धंद्यासाठी वेगळा कायदा केला. युरोपने मुळातच वेगळा विचार केला आणि त्यामागे इतिहास आहे. नोंदवह्यांवरून माणसे वेचून काढणारी राजवट जर्मनीने अनुभवली होती. माहिती संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० साली जर्मनीच्या हेसेन राज्यात झाला. १९८३ साली जर्मनीतील जनगणनेला लोकांनी आव्हान दिले, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने एक नवे तत्त्व सांगितले : आपल्याविषयीची माहिती कोणी, केव्हा, किती वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मूलतः त्या माणसाचा आहे. १९९५ साली युरोपीय संघाने या विचारावर आधारित निर्देश काढला आणि त्याच्या जागी आलेला ‘जीडीपीआर’ हा कायदा २५ मे २०१८पासून लागू झाला.

या कायद्यात धंदा कोणता हे पाहिले जात नाही. माणूस ओळखता येईल अशी कोणतीही माहिती वैयक्तिक ठरते. कार्यालयातील ई-मेलचा पत्ता आणि कुकीचा क्रमांकसुद्धा. माहिती वापरायला संमती किंवा दुसरा कायदेशीर आधार लागतो. माहिती दुसऱ्याकडून मिळवली असेल, तर साधारण महिन्याच्या आत संबंधित माणसाला ते कळवावे लागते, आणि त्याने विचारल्यास ती कुठून आली हेही सांगावे लागते. दंड दोन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जो जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. डग्लस ज्या प्रश्नाचे उत्तर न देता तुरुंगात गेले, त्याचे उत्तर देणे आता कंपनीचे कर्तव्य झाले.

धंद्याचे काय झाले?

पहिला परिणाम असा, की काहींनी मैदान सोडले. ड्रॉब्रिज आणि व्हर्व या अमेरिकी जाहिरात-तंत्रज्ञान कंपन्यांनी कायदा लागू होण्याआधीच युरोपातील हे काम आवरते घेतले.

दुसरा परिणाम जबाबदारीचा. फ्रान्सची ‘क्रितेओ’ ही कंपनी लोकांनी कोणत्या वस्तू पाहिल्या यावरून त्यांना पुन्हा त्याच वस्तूंच्या जाहिराती दाखवते. युरोपातील सुमारे ३७ कोटी ओळख-क्रमांकांची माहिती तिच्याकडे होती. संमती घेणे हे संकेतस्थळांचे काम आहे, असा तिचा पवित्रा होता. फ्रेंच नियामकाने जून २०२३मध्ये तिला चार कोटी युरो दंड केला. दुसऱ्याने संमती घेतली आहे की नाही, हे तपासणे माहिती वापरणाऱ्याचेही कर्तव्य आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा.

डिसेंबर २०२४चे ‘कास्पर’ प्रकरण तर थेट आपल्या विषयातले. विक्रेत्यांना संभाव्य गिऱ्हाइकांचे संपर्क पुरवणाऱ्या या कंपनीकडे सुमारे १६ कोटी संपर्कांचा साठा होता. त्यातले बरेच ‘लिंक्डइन’वरून उचललेले होते. काहींनी तर आपला संपर्क फक्त ओळखीच्या वर्तुळातच दिसावा असे ठरवले होते. लोकांनी ‘माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?’ असे विचारले, तेव्हा त्यांना नेमके उत्तर मिळाले नाही. फ्रेंच नियामकाने दोन लाख चाळीस हजार युरो दंड केला. बिअर्डस्ले यांचा प्रश्न १७० वर्षांनंतर पुन्हा विचारला गेला. फरक एवढाच, की आता तो विचारायला वकील आणि ज्यूरी लागली नाही.

तिसरा परिणाम अनपेक्षित होता. गॅरेट जॉन्सन, स्कॉट श्रायव्हर आणि सॅम्युअल गोल्डबर्ग या संशोधकांनी २७ हजारांहून अधिक संकेतस्थळे तपासली. कायदा लागू झाल्यावर लगेच संकेतस्थळांनी बाहेरच्या तंत्रज्ञान-पुरवठादारांचा वापर सुमारे १५ टक्क्यांनी कमी केला. पण वगळले गेले ते मुख्यतः लहान पुरवठादार. त्यामुळे बाजाराचे केंद्रीकरण सुमारे १७ टक्क्यांनी वाढले आणि गूगलसारख्या मोठ्यांचे स्थान बळकट झाले. ज्याच्याकडे वकिलांची फौज आणि स्वतःचे गिऱ्हाईक आहे त्याला कायदा पेलतो. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर जगणाऱ्याला पेलत नाही. वर्षअखेरीपर्यंत पुरवठादारांची संख्या बरीचशी पूर्ववतही झाली.

तरीही सगळेच मोठे टिकले असे नाही. ‘ओरॅकल’ने २०१४पासून ब्लूकाय, डेटालॉजिक्स अशा माहितीचे दलाल असलेल्या कंपन्या विकत घेऊन मोठा व्यवसाय उभारला होता. २०२४च्या आर्थिक वर्षात त्याचे उत्पन्न ३० कोटी डॉलरपर्यंत घसरले आणि सप्टेंबर २०२४अखेर तो बंद करण्यात आला. त्याच वर्षी लोकांच्या नकळत माहिती गोळा केल्याच्या आरोपावरील दाव्यात कंपनीने साडेअकरा कोटी डॉलरची तडजोड केली. केवळ कायद्यानेच हे घडवले असे म्हणता येणार नाही. अॅपलने २०२१ साली आपल्या फोनवर माग काढण्यापूर्वी परवानगी विचारण्याची सक्ती केली, तिचाही या साऱ्या धंद्याला फटका बसला. पण कच्चा माल आटत चालला होता हे खरे.

पुसण्याचा अधिकार

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली स्वतःचा कायदा केला. तो २०२०पासून लागू झाला. सुरुवातीला कार्यालयीन व्यवहारातील संपर्कांना त्यातून बरीच सूट होती. ती १ जानेवारी २०२३पासून संपली. म्हणजे कारखान्याचा खरेदी अधिकारी आता केवळ ‘कंपनीचा प्रतिनिधी’ राहिला नाही. कायद्याच्या दृष्टीने तो माणूस झाला.

ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच राज्याने ‘डिलीट’ कायदा केला. पूर्वी नाव काढून घ्यायचे तर शेकडो दलालांना एकेक करून लिहावे लागे, आणि दलाल कोण हेच माहीत नसे. आता दलालांनी सरकारकडे नोंदणी करायची आणि नागरिकाने एकाच ठिकाणी एकच अर्ज करायचा. हे ठिकाण जानेवारी २०२६मध्ये खुले झाले. ऑगस्ट २०२६पासून दलालांनी दर ४५ दिवसांनी ते अर्ज तपासून माहिती पुसावी, अशी कायद्यातील तरतूद आहे. लोटसच्या सीडीला जे जमणार नव्हते, ते इथे धंदा करण्याची अटच बनले.

आपल्याकडे

पतमाहितीच्या बाबतीत भारताने अमेरिकेचीच वाट धरली. ‘सिबिल’ ही संस्था २००० साली स्थापन झाली आणि २००५ साली पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपला पूर्ण पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मागता येतो. शिक्षकांनी तो एकदा जरूर मागवून पाहावा. स्वतःविषयीची वही वाचणे हा एक वेगळाच अनुभव असतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आपले तीन प्रश्न या कायद्याला लावून पाहू. माझ्याविषयी काय नोंदले आहे? याचा गोषवारा मागता येतो. पुसता येईल का? दिलेली संमती मागे घेता येते आणि माहिती पुसण्याची मागणी करता येते. ही खबर कुणी दिली? माहिती पुढे कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा हक्क कायद्यात आहे. ती कोणाकडून आली हे सांगण्याची स्पष्ट तरतूद मात्र नाही. माहिती माणूस स्वतःच संमतीने देतो, असे कायदा मूलतः गृहीत धरतो. शिवाय माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

हा प्रश्न शाळेच्या दारापर्यंत येतो. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास पालकांना क्लासचे, महाविद्यालयांचे फोन येऊ लागतात, हा पुष्कळांचा अनुभव आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे, घरचा फोन कोणता, हे फोन करणाऱ्याला माहीत असते. हीसुद्धा खरेदीच्या इराद्याची माहितीच. विकला जाणारा माल फक्त शिकवणी आहे. नव्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, मुलांचा माग काढायला व त्यांना उद्देशून जाहिराती करायला बंदी घातली आहे आणि त्यासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. शिक्षण आणि सुरक्षितता यांसाठी शाळांना काही सवलत आहे. पण ती सवलत यादी बाहेर देण्याची नाही.

स्पर्धा परीक्षेचा, शिबिराचा किंवा ‘मोफत चाचणी’चा एखादा फॉर्म वर्गात घेऊन यावा. त्यातल्या प्रत्येक रकान्यासमोर विद्यार्थ्यांनी लिहावे : ही माहिती या कामासाठी खरोखर लागते का, ती कोणाकडे जाईल, आणि नंतर काढून घ्यायची तर कोणाला सांगायचे? फॉर्मवर यांपैकी किती उत्तरे छापली आहेत हे मोजावे. आणि मग शाळेच्या हजेरीपटातली, प्रवेश अर्जांतली नावे व फोन कोणाकोणाच्या हाती जातात, हा प्रश्न मुलांनी आपल्यालाच विचारला, तर त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असले पाहिजे.